घराची नाडी कोणीं पहावी?

बैलानें वैरण टाकली कीं शेतकरी त्याच दिवशीं जनावरांच्या डॉक्टरास बोलावतो. पिकाचीं पानें पिवळीं पडलीं तर माती तपासून घेण्याची चाल आतां पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली आहे. परंतु ज्या छपराखालीं आपलीं मुलेंबाळें रात्रीं निजतात आणि वर्षाचें धान्य सांठवलेलें असतें, त्या घराच्या भिंतीस तडा गेला म्हणजे मात्र गांवच्या गवंड्यास बोलावून 'जरा गिलावा मारून दे' एवढेंच सांगण्यांत येतें. गिलाव्याखालीं तडा दिसेनासा होतो आणि जें दिसत नाहीं तें बरें झालें असें समजून घरधनी स्वस्थ बसतो. पुढील उन्हाळ्यांत तडा त्याच जागीं पुन्हा उमटतो. या लेखांत आम्ही वाचकांपुढें एकच गोष्ट मांडूं इच्छितों. घराचा रोग ओळखणारा आणि घराची दुरुस्ती करणारा हीं दोन निरनिराळीं माणसें असावींत. आणि पहिल्यास त्याच्या पाहण्याचें मोल दिल्यावांचून दुसऱ्यास कामास लावूं नये.

काळ्या जमिनीचा स्वभाव

दख्खनच्या काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको. वैशाखांत हात आंत जाईल एवढ्या भेगा, आणि आषाढांत त्या बुजून तीच जमीन फुगलेली, हें तो जन्मभर पाहत आला आहे. या मातींत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती विपुल असते. ती पाणी पिऊन फुगते व पाणी गेल्यावर आकसते. शेतांत या गुणानें जमीन आपोआप भुसभुशीत होण्यास मदतच होते. पण घराचा पाया त्याच मातीवर असला तर घरही तिच्याबरोबर वर-खालीं होतें.

सगळें घर एकदम व सारखें हललें असतें तर फारसें बिघडलें नसतें. तसें होत नाहीं. पावसाळ्यांत बाहेरच्या भिंतींखालची माती भिजते, माजघराखालची कोरडी राहते. उन्हाळ्यांत कडेची माती आधीं वाळून खचते, मधली ओल धरून असते. घराचे कोपरे एका रीतीनें हलतात, मधला भाग दुसऱ्या रीतीनें. भिंत कांहीं वेताची छडी नव्हे. ती वांकत नाहीं, फाटते. म्हणूनच अशा घरांत दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या निघालेल्या, पायरी-पायरीनें चढत गेलेल्या चिरा दिसतात. अशा जमिनीसाठीं रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें तळाशीं फुगवटा असलेल्या खांबांचा पाया प्रचारांत आणला. खोल काळ्या जमिनींत हे खांब निदान साडेतीन मीटर खालीं नेतात. कारण तेवढ्या खोलीवर ऋतूप्रमाणें ओल फारशी कमी-अधिक होत नाहीं. आपल्या जुन्या घरांपैकीं पुष्कळांचे पाये इतके खोल नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.

या नैसर्गिक खेळांत माणूस आपल्या हातानें भर घालतो. न्हाणीचें पाणी भिंतीच्या बुडाशीं मुरूं दिलेलें असतें. पागोळ्यांचें पाणी जोत्याशींच पडतें. सावलीसाठीं लाविलेलें झाड मोठें होऊन एका कोपऱ्याखालची ओल शोषून घेतें. आणि शेतांतल्या वस्तीवर तर घराच्या भिंतीपर्यंत ऊस लावून बाराही महिने पाणी देणारे लोक आहेत. अशा घराची एक बाजू कायम ओली व दुसरी कायम कोरडी राहते. तेथें भिंतीस कितीही वेळां गिलावा केला तरी उपयोग होत नाहीं. दुखणें भिंतीचें नसून पाण्याचें असतें. आणि पुष्कळदां सांडपाण्याची वाट बदलणें, भोंवतीं बाहेरच्या उताराची फरसबंदी करणें, उसाची हद्द मागें घेणें एवढ्यावर काम भागतें. हें स्वस्त औषध दुरुस्तीवर पोट असलेल्या माणसास बहुधा सुचत नाहीं.

माळवदाचें ओझें

मराठवाड्यांत व भोंवतालच्या जिल्ह्यांत माळवदाचीं घरें अद्याप पुष्कळ आहेत. उन्हाळ्यांत त्यांइतकें गार घर दुसरें नाहीं. परंतु गळती थांबविण्यासाठीं वर्षानुवर्षें माळवदावर मातीचा नवा थर चढविण्याची जी वहिवाट आहे, तिचा हिशोब कोणी करीत नाहीं. तो आपण येथें करूं. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली घ्या. तिच्यावर एक फूट जाडीची माती म्हणजे शंभर घनफूट माती झाली. एका घनफुटास सुमारें ४५ किलो धरिले तर ही माती ४५ क्विंटल होते. मुरलेल्या पावसाचें वजन याहून वेगळें. दोन फुटांचा थर झाला असेल तर ९० क्विंटलांखालीं आपण निजतों. ज्या तुळयांवर हें ओझें आहे त्यांचीं भिंतींत गेलेलीं टोकें वाळवीनें खाल्लीं आहेत काय, हें खालून दिसत नाहीं.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसें दगावलीं. तो भूकंप जगांतील मोठ्या भूकंपांपैकीं नव्हता. त्याचें मान ६ हून थोडें अधिक होतें. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. २००२ सालीं नकाशा बदलून तो वरच्या पट्ट्यांत घेण्यांत आला. माणसें मेलीं तीं मुख्यतः आपल्याच घराच्या दगडमातीखालीं. दोन-अडीच फूट जाडीची भिंत पाहून ती भक्कम असेल असें वाटतें. प्रत्यक्षांत ती पुष्कळदां दोन पातळ भिंतींची जोडी असते. आंतला दर्शनी थर एक, बाहेरचा एक, आणि मध्यें भरलेले बारीक दगड व चिखल. दोन्ही थरांस बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नसले, तर धक्क्यासरशीं दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात. उलट, छपराचा भार लांकडी खांबांवर असलेल्या कित्येक घरांत भिंती पडल्या तरी खांब व छप्पर उभें राहिल्याचें तज्ज्ञांनीं नमूद केलें आहे. अशा कमकुवत बांधकामासाठीं १३८२८ क्रमांकाचें भारतीय मानक १९९३ सालींच निघालें. त्यांत असे आरपार दगड दर ६० सेंटिमीटर उंचीस व आडव्या अंगानें फार तर १२० सेंटिमीटरांवर असावेत असें सांगितलें आहे. उभ्या भिंतींतही असे बंध मागाहून बसवितां येतात. परंतु कोठें व किती, हें भिंत पाहूनच ठरवावें लागतें.

नव्या सिमेंटच्या घरांविषयींही निश्चिंत राहूं नये. स्लॅबखालीं सळ्यांच्या ओळीनें तांबूस डाग उमटणें, सिमेंटचीं ढलपीं सुटणें, हीं आंतील लोखंड गंजल्याचीं लक्षणें होत. गंजलेलें लोखंड मूळच्याहून दुपटीहून अधिक जागा व्यापतें आणि भोंवतालचें काँक्रीट फोडतें. त्यावर गिलावा केल्यानें गंज थांबत नाहीं. आणि जुन्या मातीच्या भिंती तशाच ठेवून माळवदाच्या जागीं स्लॅब ओतण्याची जी हौस वाढली आहे, ती तर अभियंत्यास विचारल्याखेरीज कधींच पुरी करूं नये.

आधीं स्वतः काय पहावें

वैद्याकडे जाण्यापूर्वीं रोग्यानें आपलीं लक्षणें नीट सांगतां येतील एवढी तयारी ठेवावी. तड्याच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीनें खूण करून तारीख लिहावी. तड्यावर आडवी, पातळ कांचेची पट्टी दोन्ही बाजूंस प्लास्टर ऑफ पॅरिसनें चिकटवावी. तडा हलत असेल तर कांच तडकते किंवा सुटते. चैत्र, आषाढ, आश्विन व पौष या चार वेळीं रुंदी मोजून वहींत टिपावी. उन्हाळ्यांत उघडणारा व पावसाळ्यांत मिटणारा तडा बहुतेक जमिनीच्या हालचालीचा असतो. एकाच दिशेनें वाढत जाणारा तडा अधिक काळजीचा. केसाएवढी चीर नुसत्या गिलाव्याचीही असूं शकते. ५ मिलिमीटरांहून रुंद तडा मात्र जाणत्या माणसास दाखविलाच पाहिजे. तडा वर रुंद आहे कीं खालीं, आंतून-बाहेरून आरपार आहे कीं एकाच अंगास, कोणतें दार कोणत्या महिन्यांत अडकूं लागलें, हेंही लिहून ठेवावें.

कांहीं चिन्हें अशीं आहेत कीं त्यांत वही ठेवीत बसण्यास सवड नाहीं. भिंतीनें पोट काढलें असेल, दोन भिंतींचा कोपरा सुटला असेल, तुळईचें टोक भिंतींतून सरकलें किंवा कुजलें असेल, स्लॅबला झोळ पडला असेल, तर त्या खोलींतील माणसें व जनावरें त्याच दिवशीं बाहेर काढावींत. जाणत्या सुताराकडून बाहेरूनच भक्कम टेकू देववतां येत असल्यास द्यावे आणि मग अभियंत्यास आणावें. मोठ्या पावसाच्या झडीनंतर हें विशेष पाळावें.

कोणास बोलवावें

येथें नांवांचा घोटाळा फार होतो. वास्तुतज्ज्ञ म्हणविणारा गृहस्थ दिशा पाहतो. भिंतीचा भार पाहणें हें त्याचें काम नव्हे, आणि त्याच्या सांगण्यावरून भार घेणारी भिंत फोडून दार हलविणें धोक्याचें आहे. वास्तुविशारद, म्हणजे आर्किटेक्ट, घराचा आराखडा करतो. १९७२ च्या कायद्यानें त्याची नोंदणी होते. चांगला वास्तुविशारद योग्य अभियंत्याचें नांव सुचवितो. गवंड्याचा अनुभव मोलाचा असतो, कारण त्याच्या हातानें शेंकडों भिंती उभ्या राहिलेल्या असतात. तपासणीच्या वेळीं त्यास अवश्य हजर ठेवावें. परंतु किती भार कोणत्या भिंतीवर येतो व पायाखालची माती तो पेलते काय, याचें गणित करणें हें स्थापत्य अभियंत्यांतही ज्यानें संरचनेचा विशेष अभ्यास केला आहे, ज्यास स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणतात, त्याचें काम आहे. तडा पायापासून निघाला असेल तर त्याच्या जोडीस माती तपासणारी प्रयोगशाळाही लागते.

असा माणूस खेड्यांत सहसा नसतो; तो शोधावा लागतो. जवळच्या महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम खात्यांत परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरांची यादी मागावी. शहरांत तीस वर्षांवरील इमारतींची तपासणी कायद्यानें आवश्यक केलेली असल्यामुळें हें काम करणारे लोक मोठ्या शहरांत मिळतात. दुसरी वाट अभियांत्रिकी महाविद्यालयांची. पुणें, कराड, सांगली, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, अमरावती, नागपूर येथें जुनीं व नांवाजलेलीं महाविद्यालयें आहेत. त्यांच्या स्थापत्य विभागाकडे पत्र लिहून सशुल्क तपासणी करतात काय हें विचारावें. तेथील अध्यापकास ठेका मिळविण्याची गरज नसते, हा मोठा लाभ. १९२० सालीं स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेचीं स्थानिक केंद्रेंही चौकशीस उपयोगी पडतात.

त्यास काय विचारावें

माणूस मिळाल्यावर बोलावण्यापूर्वींच चार प्रश्न निःसंकोचपणें विचारावेत. पहिला : दगडमातीच्या किंवा माळवदाच्या घराचें काम आपण पूर्वीं केलें आहे काय? पुष्कळ अभियंत्यांचा सारा अभ्यास सिमेंट-लोखंडावर झालेला असतो; त्यांस जुन्या घरावर 'पाडा आणि नवें बांधा' यापलीकडे उपाय सुचत नाहीं. दुसरा : दुरुस्तीचें काम आपण स्वतः किंवा आपले भागीदार घेणार काय? घेणार असतील तर तपासणी दुसऱ्याकडून करावी. तिसरा : शुल्क ठरीव कीं दुरुस्तीच्या खर्चावर टक्केवारीनें? तपासणीचें शुल्क ठरीवच असावें. कारण टक्केवारी असली कीं खर्च जितका वाढेल तितका सांगणाऱ्याचा लाभ वाढतो. चौथा : सही व परवाना क्रमांकासह लेखी अहवाल मिळेल काय? जो लिहून देण्यास कचरतो त्याचें तोंडी मतही विकत घेऊं नये.

अभियंता घरीं आल्यावर त्याची पद्धत पहावी. चांगला अभियंता प्रथम पुष्कळ विचारतो. घर केव्हां बांधलें, कोणत्या बाजूस मागाहून खण वाढविला, माळवदावर माती केव्हां चढविली, बोअर किंवा पाट केव्हां झाला, हें तो जाणून घेतो. तुमची तारखांची वही तो मन लावून वाचतो. तो ओळंबा लावतो, छपरावर चढतो, तुळयांचीं टोकें टोकरून पाहतो, न्हाणीचें पाणी कोठें जातें तें पाहतो आणि एक-दोन ठिकाणीं पायालगत खड्डा घेऊन पाया किती खोल व कोणत्या थरावर आहे हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून मत देत नाहीं. स्लॅबवर ठोकून आकडा दाखविणारा हातोडा तो वापरील. पण त्या एकट्या यंत्रावर विसंबणार नाहीं, कारण त्यावरून काढलेला काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज पाव हिश्श्यापर्यंतही चुकूं शकतो. कधीं कधीं तो 'एक पावसाळा पाहूं' असेंही म्हणेल. धोका नाहीं अशी खात्री करून दिलेलें हें उत्तर ऐकून आपले पैसे वाया गेले असें मानूं नये. उलट, दहा मिनिटांत अंगणांतूनच निदान सांगून खर्चाचा आकडा उच्चारणाऱ्यास चहा देऊन वाटेस लावावें.

अहवालांत चार गोष्टी स्पष्ट असाव्या. दोष काय आहे. त्याचें कारण काय. त्यांत राहणें आज सुरक्षित आहे काय. आणि कोणती दुरुस्ती आधीं, कोणती मागून. कारण लिहिलेलें नसेल तर तो अहवाल अपुरा समजून परत पाठवावा. हा कागद हातीं आला म्हणजे दोन-तीन ठेकेदारांकडून त्याच कामाचे दर मागतां येतात आणि प्रत्येकजण आपल्या मनाचें काम सांगण्याचा मार्ग बंद होतो. काम चालू असतां अभियंत्यानें एक-दोनदां येऊन पहावें, हेंही शुल्कांतच ठरवून घ्यावें.

खर्चाविषयीं

आमचे कांहीं वाचक म्हणतील कीं, नुसतें पाहण्याचे पैसे कशास द्यावे? त्यांस आमचें उत्तर असें कीं, न पाहतां केलेल्या दुरुस्तीचे पैसे ते दर दोन-तीन वर्षांनीं देतच आहेत. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला, तो ओल आंत कोंडून फुगला व गळून पडला. मग लोखंडी चौकट लाविली. मग भिंत उतरवून पुन्हा बांधिली. आणि पाणी मात्र जोत्याशीं मुरतच राहिलें. या साऱ्या खर्चाची बेरीज करून पहावी. एकट्यास शुल्क जड वाटत असल्यास एका गल्लीतील पांच-सहा घरांनीं मिळून एकाच फेरीस अभियंत्यास आणावें. येण्याजाण्याचा खर्च वांटला जातो, आणि जमीन एकच असल्यामुळें मातीची परीक्षाही बऱ्याच अंशीं सर्वांच्या उपयोगी पडते. सहकारानें जर ऊस गाळतां येतो व दूध विकतां येतें, तर घरें तपासून घेणें कांहीं अवघड नाहीं.

हें काम काढण्यास सुगी संपल्यानंतरचा काळ सोयीचा. फाल्गुन-चैत्रांत तपासणी झाली तर माळवद हलकें करणें, तुळया बदलणें, फरसबंदी व सांडपाण्याची व्यवस्था हीं कामें मृगापूर्वीं उरकतां येतात. आणि आश्विनांत एकवार पुन्हा तडे मोजून औषध लागू पडलें कीं नाहीं तें कळतें. ज्यांच्या भिंतीस आज तडा आहे त्यांनीं निदान पेन्सिल घेऊन त्याच्या टोकास आजची तारीख घालावी. मोजणीस तेथून आरंभ होतो.